बॅटरीच्या पेटीचं कुलूप

परक्या घरी मला संडासला जाता येत नाही. लहानपणापासून असंच आहे. मैत्रिणीकडं हळदीकुंकवाला गेले तरी मी पाणी प्यायचे नाही, पेला हातात धरून बसायचे. लग्न झालं तेव्हा सासरचे पहिले चार दिवस मी जवळजवळ उपाशी काढले. सासूबाईंना वाटलं, सून अन्न टाकते म्हणजे तिला घर पसंत नाही. खरं कारण ह्यांना सांगितलं ते दोन वर्षांनी, आणि तेही तोंड भिंतीकडं करून.

लेक यवतमाळला दिली. दोन खोल्यांचं घर, सासू, सासरे, दीर. संडास पुढच्या खोलीला लागून, मध्ये पत्र्याचं दार, आणि दारासमोरच व्याही खाटेवर पेपर वाचत बसलेले. मी तिथं एकदाच गेले. सकाळी पोचले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरले. मधल्या वेळात घोटभर चहासुद्धा घेतला नाही. घरी आल्यावर आठ दिवस ताप होता. डॉक्टरीणबाई रागावल्या, म्हणाल्या, असं धरून ठेवायचं वय राहिलं का तुमचं?

त्यानंतर मी गेले नाही. लेक दिवाळीला यायची तेवढीच भेट. पुढं तिला दोन मुलं झाली, त्यांच्या शाळा आल्या, सासूनं अंथरूण धरलं, आणि तिचं येणंही थांबलं. धाकट्या नातवाला मी तो दहा महिन्यांचा असताना पाहिलेलं. तो आता फोनवर वाक्यं बोलायला लागला होता.

हे वाळूजच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. रिटायर झाले आणि चार महिने नुसते घरात फिरत राहिले. सगळे नळ दुरुस्त करून झाले, पंखे उतरवून पुसून झाले. मग एका दुपारी गल्लीत ट्रॅक्टरचा आवाज आला. पाहते तर ट्रॅक्टरमागं दोन चाकांची एक लोखंडी गाडी, वर काही नाही, नुसता सांगाडा. कुठल्या तरी कारखान्यातून भंगारात निघालेली जनरेटरची ट्रॉली होती ती.

"हे काय आणलं?" मी विचारलं.

"तुझा संडास," हे म्हणाले, आणि ट्रॅक्टरवाल्यासमोर मोठ्यानं हसले. मी आत पळाले. पण रात्री जेवताना त्यांनी नीट सांगितलं. ट्रॉलीवर खोली उभी करायची. आत झोपायला फळी, शेगडी, आणि कोपऱ्यात आतून कडी असलेला संडास. जीपमागं जोडायची आणि यवतमाळला लेकीच्या दारासमोर नेऊन उभी करायची. दिवसा लेकीकडं बसायचं, बाकी सगळं आपल्या खोलीत. वाटेत मेहकरला, कारंज्याला, जिथं अंधार पडेल तिथं थांबायचं.

"कुणाच्या घरात जायचं कामच नाय तुला," हे म्हणाले.

माझ्यासाठी एवढा विचार कुणी केला नव्हता. मी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

पुंडलिकनगरातल्या आमच्या घराच्या अंगालाच एक मोकळी पट्टी आहे, रस्त्याच्या बाजूनं उघडी. तिथं काम सुरू झालं. ह्यांच्याबरोबर कंपनीतले त्यांचे जोडीदार असायचे. मूळचे सिल्लोडकडचे. पंचवीस वर्षं दोघं एकाच पाळीत होते. जीप त्यांचीच होती, तीच खोली ओढणार होती. मला ते भाभी म्हणायचे. मी त्यांना मनातल्या मनात भाईजी म्हणायचे, तोंडानं कधी हाक मारली नाही. चहा खिडकीतून द्यायचे. ईदला शीरखुर्म्याचा डबा आला की मी तो रिकामा परत पाठवायचे नाही, त्यात करंज्या घालायचे. आमचं बोलणं एवढंच.

सगळ्या गल्लीनं खोलीला डबा म्हणायला सुरुवात केली. येणारे-जाणारे विचारायचे, "काय, डबा कधी सुटणार?" भाईजी वर पत्र्यावर बसून उत्तर द्यायचे, "सिग्नल मिलने दो!"

संडासाला पाणी वरच्या टाकीतून आपोआप येईल असं आधी ठरलं होतं, पण टाकी उंच ठेवली तर खोली वळणावर हेलकावते. मग टाकी खाली, आणि पाणी चढवायला छोटी मोटर. मोटरला, दिव्याला, पंख्याला मिळून दोन मोठ्या बॅटऱ्या. ट्रकला असतात तसल्या. बॅटरीतून वाफ निघते, ती झोपायच्या खोलीत ठेवायची नसते, म्हणून पुढं, जिथं जीपला जोड द्यायचा तिथं, बाहेरच्या बाजूला पत्र्याची पेटी केली. माझं सगळं जाणं त्या पेटीवर होतं. बॅटरी नाही तर मोटर नाही, मोटर नाही तर पाणी नाही, आणि पाणी नाही तर तो डबा मला काही कामाचा नव्हता.

पहिल्या बॅटऱ्या पंधरा दिवसांत चोरीला गेल्या. पेटीला साधा कडीकोयंडा आणि छोटं कुलूप होतं. कुलपाला हातही लावला नव्हता. कोयंड्याचे चार स्क्रू काढले आणि कोयंडा कुलपासकट खाली ठेवून दिला.

"इज्जतदार चोर है," भाईजी म्हणाले. "अपना कुलूप अपनेकूच छोड गया."

हे हसले नाहीत. शहागंजातून मोठं कुलूप आणलं, मनगटाएवढं. कोयंडा स्क्रूनं न लावता वेल्डिंग केला. नव्या बॅटऱ्या बसवल्या. मी म्हणाले, रोज घरात आणून ठेवता येणार नाहीत का? पण एकेक बॅटरी पोत्यासारखी जड, ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. आणि ती वाफ घरात कशी ठेवणार?

दुसऱ्या वेळी चोरानं कुलपाकडं पाहिलंच नाही. पेटीच्या मागच्या बाजूला बिजागऱ्या होत्या, त्यांच्या खिळ्या वरून ठोकून काढल्या आणि झाकण उलट्या बाजूनं उघडलं. आमचं मनगटाएवढं कुलूप जागच्या जागी बंद होतं. पोलीस चौकीत हे जाऊन आले. तिथल्या हवालदारानं विचारलं म्हणे, "आजोबा, डबा गेला का?" हे म्हणाले, "नाही." "मग लकी आहात."

त्या दिवशी ह्यांनी ठरवलं की कुलूप स्वतःच करायचं.

दीड महिना ते त्याच कामात होते. झाकण जाड पत्र्याचं केलं. बिजागऱ्या आतल्या बाजूला घेतल्या, बाहेरून दिसणारच नाहीत अशा. बॅटऱ्यांवरून लोखंडी पट्टी टाकून ती बोल्टनं आवळली आणि बोल्टची डोकी घासून गोल केली, पान्याला पकड मिळू नये म्हणून. कुलूप पाइपाच्या तुकड्यात खोल बसवलं, कटरचं तोंड तिथवर पोचत नव्हतं. आणि नुसती चावी फिरवूनही ते उघडायचं नाही. चावी डावीकडं दोनदा फिरवायची, मग पाइपात खालून बोट घालून आतली दांडी वर उचलायची, उचललेली असतानाच मूठ आपल्याकडं ओढायची. बंद करताना मात्र पुन्हा चावी लागायची, नुसती मूठ दाबून कुलूप लागत नसे.

चाव्या दोन. एक ह्यांच्या करदोट्याला, एक भाईजींकडं, कारण बॅटरीचं पाणी बघायला आणि जीपची वायर जोडून पाहायला ते ह्यांच्या माघारीही यायचे. मला कुणी दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. पण स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्या पट्टीवर उघडते. भांडी घासता घासता दीड महिना मी ते कुलूप घडताना पाहिलं. दांडी कुठं अडते, हे का चिडतात, भाईजी का मान हलवतात, सगळं मला कळत होतं.

ते कुलूप झालं आणि चोरी थांबली. पावसाळा गेला, दसरा गेला. बॅटऱ्या जागेवर. एकदा सकाळी पाइपाच्या तोंडावर ओरखडे दिसले. कुणी तरी प्रयत्न करून गेलं होतं. हे शेजाऱ्यांना बोलावून बोलावून ते ओरखडे दाखवत होते. मी त्यांना इतकं खूश रिटायर होताना कंपनीतल्या पन्नास जणांसमोर झालेल्या सत्कारातही पाहिलं नव्हतं.

निघायचं ठरलं दिवाळीत, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी. लेकीला सांगितलं. तिनं सासऱ्यांना विचारून दारासमोरची जागा झाडून ठेवली, तिथला मोडका हातगाडा हलवायला लावला. भाईजींच्या बायकोनं खिडकीला निळे पडदे शिवून पाठवले. मी मुगाचे लाडू केले, नातवंडांना घालायला कपडे घेतले, आणि दोन वेळा कुणी नसताना डब्यात जाऊन आतून कडी लावून बसून पाहिलं. कडी घट्ट बसत होती.

आता जे लिहायचं ते लिहिते.

माझ्या माहेरी, पैठणच्या बाजूला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरात एकही कुलूप बंद ठेवत नाहीत. कपाट, ट्रंक, धान्याची कोठी, गोठ्याची साखळी, सगळं पूजेच्या आधी उघडायचं आणि पूजा झाली, दिवा स्थिर झाला की परत लावायचं. कुलूप दिसलं तर लक्ष्मी उंबऱ्यावरून माघारी जाते, असं आई सांगायची. लग्नानंतर मी हे दर वर्षी करत आले. कपाट आणि ट्रंक, दोनच कुलपं होती आमच्याकडं, त्यामुळं ह्यांना कधी कळलंही नाही.

त्या वर्षी ह्यांनी पूजेच्या पाटावर हिशेबाच्या वहीऐवजी पक्कड, पाने आणि त्या पेटीची चावी मांडली. करदोट्याची सोडून ठेवली, आणि अंघोळीला गेले. मी कपाट उघडलं, ट्रंक उघडली. मग मनात आलं, डबा हे पण आता आपलं घरच. आपलं जाणं त्याच्यात आहे. सगळ्यात मोठं कुलूप तर तिथं आहे. मी चावी घेतली, हातात पणती घेतली आणि पट्टीत गेले. डावीकडं दोनदा, बोटानं दांडी वर, मूठ ओढली. पहिल्याच वेळी उघडलं. मला बरं वाटलं, खोटं का सांगू. झाकण परत खाली टेकवलं, पणती डब्याच्या पायरीवर ठेवली, आत येऊन चावी पाटावर होती तशी ठेवली.

पूजा झाली. आरती होते न होते तोच शेजारपाजारचे लोक आले. मी आत लाह्या-बत्ताशांच्या वाट्या भरत होते. बाहेर आले तेव्हा पाटावर चावी नव्हती. ह्यांनी ती परत करदोट्याला बांधली होती.

म्हणायचं एवढंच होतं की जरा चावी द्या. पण मग का ते सांगावं लागलं असतं, चार माणसांसमोर, आणि हे हसले असते. माणसं गेली की सांगू, म्हटलं. माणसं गेली तेव्हा हे दमून आडवे झाले होते. एका रात्रीनं काय होतं, असं मी स्वतःला म्हणाले. बाहेर फटाके वाजत होते. मी कपाट आणि ट्रंक लावली आणि झोपले.

पाडव्याला सकाळी मी ओवाळायचं ताट करत होते. ह्यांनी डब्यातला दिवा लावून पाहिला तर लागेना. पेटीकडं गेले. मूठ नुसती ओढली आणि झाकण वर आलं. आत दोन रिकामे चौकोन. गोल घासलेले बोल्ट कापून पट्टी बाजूला ठेवलेली. त्या फटाक्यांत करवतीचा आवाज कुणाला जाणार?

हे ओरडले नाहीत. पाइपात बोट घालून दांडी वरखाली करत राहिले. कुठं ओरखडा नाही, कुठं वाकलेलं नाही. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या.

"पुन्हा गेल्या का हो? तुम्ही तर म्हणत होता, चावीशिवाय ब्रह्मदेवाला उघडायचं नाय."

"चावीनंच उघडलंय," हे म्हणाले.

"मग चाव्या किती?"

"दोन."

काकू नुसतं "हं" म्हणाल्या आणि ह्यांच्याकडं पाहिलं. तोवर वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आले, समोरचे मास्तर आले. सगळे त्या पेटीभोवती. मी ताट घेऊन दारात उभी. आत्ता म्हणायचं, असं मी ठरवलं. तोंड उघडलंही होतं बहुतेक. पण एवढ्या पुरुषांसमोर मी जन्मात कधी बोलले नव्हते, आणि तेवढ्यात जीप आली.

भाईजी मागच्या दिव्याच्या वायरचं वेटोळं खांद्यावर टाकून उतरले. "दिवाली मुबारक भाऊ! भाभी, लाडू निकालो!" मग त्यांनी माणसं पाहिली, उघडी पेटी पाहिली.

"फिर से?"

"तुझी चावी कुठंय?" हे म्हणाले.

भाईजींना आधी कळलंच नाही. खिसे चाचपून त्यांनी चावी काढून दाखवली. "ये क्या है. इधरीच है."

"कुणाला दिली होती?"

"कायकू देता मैं?"

"घरात कुणी घेतली असंल. पोरांनी."

भाईजी हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, तुम पूछरे क्या बोलरे?"

हे खाली बघत राहिले. एवढंच जरी म्हणाले असते की विचारतोय, तरी चाललं असतं. ते गप्प राहिले, आणि मीही. भाईजींनी चावी पेटीच्या झाकणावर ठेवली. वायरचं वेटोळं खांद्यावर परत सरळ केलं. "पच्चीस साल," असं काहीतरी म्हणाले, पुढचं मला ऐकू आलं नाही. जीप मागं घेताना त्यांनी हॉर्न दिला नाही. एरवी गल्लीतली पोरं हलावीत म्हणून ते दहादा द्यायचे.

ताटातली निरांजनं विझली होती. मी ह्यांना ओवाळलं नाही, त्यांनीही आठवण केली नाही.

बॅटऱ्या पुन्हा आणता आल्या असत्या. जीप आणता येत नव्हती. दुसरी एखादी भाड्यानं बघा, असं मी एकदा म्हणाले. हे म्हणाले, "कशाला? माझ्या हाताचं कुलूप उघडतं. माझ्या हातात काय राहिलं नाय." आठ दिवसांनी त्यांनी वेल्डिंगचं मशीन आणलं आणि ती रिकामी पेटी चारही बाजूंनी बंद करून टाकली. काकूंनी विचारलं, "आत एवढं काय ठेवलंय?" हे म्हणाले, "काही नाय."

संक्रांतीच्या आधी मी सांगितलं. दुपारी आम्ही शेंगा फोडत बसलो होतो, तिळाच्या पोळ्यांसाठी. मी म्हणाले, "अहो, लक्ष्मीपूजनाला पेटी मी उघडली होती."

हे शेंगा फोडत राहिले. "कशाला?"

मी सगळं सांगितलं. माहेरची रीत, पाटावरची चावी, पणती, आलेली माणसं. एवढं सलग मी कधी बोलले नव्हते.

"चावी घेतली असंल," हे म्हणाले. "पण तुला उघडणार नाय ते. कंपनीतल्या पोरांना उघडलं नाय."

"डावीकडं दोनदा," मी म्हणाले. "मग खालून बोट घालून दांडी वर. वर धरूनच मूठ ओढायची. दांडी उजवीकडं थोडी अडते, तिथं दाबावं लागतं."

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर मी सुटले असते. ते माझ्याकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, "त्यानं शिकवलं तुला?"

"कुणी?"

"तो आलता का इथं माझ्या माघारी? रडला असंल. तुला भोळी बघून पढवून गेला."

"मी खिडकीतून बघायचे," मी म्हणाले. "भांडी घासताना."

"खिडकीतून," हे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. लहान मुलाची खोटी गोष्ट ऐकून घेतात तसं त्यांनी ऐकून घेतलं. "तुला त्याची दया येते. येऊ दे. पण माझ्याशी खोटं नको बोलू. आजवर नाय बोललीस."

त्यांना पटवायला उघडून दाखवण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता, आणि पेटी तर बंद झालेली. मी सांगितल्यानं एवढंच झालं की भाईजींबद्दल जो संशय होता, तो पक्का झाला. आधी हे कधीतरी त्यांची आठवण काढायचे, ते बंद झालं. मी भाईजींना पत्र लिहायचं ठरवलं. पाकीट आणलं. पण पत्ता ह्यांच्या डायरीत होता, आणि ती डायरी मला सापडली नाही. त्यांना मागण्याचं धैर्य झालं नाही.

उन्हाळ्यात लेकीचा फोन आला. धाकट्याची मुंज नाही, काही नाही, नुसतं "आई, ये गं" म्हणाली. मी ह्यांना म्हणाले, "एसटीनं जाऊ."

"जमंल तुला?"

"जमवीन."

सकाळी सातच्या गाडीत बसलो. आदल्या दुपारपासून मी पाणी सोडलं होतं. लाडवांचा डबा मांडीवर. जालन्याला गाडी वीस मिनिटं थांबणार होती. मला जावंच लागणार होतं, पुढं सहा-सात तास होते. हे म्हणाले, जाऊन ये, मी आहे इथं. मी गेले. बायकांची रांग होती. पुढच्या दाराची कडी तुटलेली, एक बाई आत आणि दुसरी बाहेरून दार धरून उभी. माझा नंबर आला तेव्हा मागच्या बाईनं म्हटलं, "जा मावशी, मी धरते."

मी गेले नाही. पदर तोंडाला लावून परत आले. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता सामान खाली उतरवलं. यवतमाळची गाडी आमच्यासमोर निघून गेली. परतीच्या गाडीत आम्ही दोघं तासभर एका बाकावर बसलो. बदनापूरच्या पुढं हे एकदाच म्हणाले, "ऊन लई आहे."

घरी पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. थोड्या वेळानं लेकीचा फोन आला. ह्यांनी तो उचलून मला दिला.

"कुठपर्यंत आलात?" तिनं विचारलं. मागं मुलांचा गलका होता, कुणीतरी आजी आली का म्हणून विचारत होतं.

"घरीच आहोत," मी म्हणाले.

ती म्हणाली, "बरं, मी वरणाखालचा गॅस बंद करते," आणि फोन ठेवला.